नत्थूच्या पाठीची राखण

कमलाबाई थूल रोग्याची नाडी बघायला मनगट हातात घेत आणि नाडी मोजून झाली तरी ते सोडत नसत. रोग्याला वाटे, बाई अजून नाडीच बघताहेत. त्या वेळी त्या त्याच्या छातीकडे बघून श्वास मोजत असत. ‘तुझा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणूस लगेच वेगळाच श्वास घ्यायला लागतो. ही युक्ती त्यांना नागपूरला शिकताना वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी दाखवली होती. वडनेरच्या सरकारी दवाखान्यात आल्यावर त्यांनी तीत स्वतःच्या आणखी काही मिळवल्या. बाळंतिणीला त्या ‘बरं वाटतं का’ असं विचारत नसत; पाण्याचा गडू जरा लांब ठेवत आणि ती तो कशी उचलते ते बघत. तापानं बरळणाऱ्या म्हाताऱ्याला नाव-गाव विचारण्याऐवजी धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या भांडणाबद्दल विचारत. शुद्ध किती आहे ते त्यात बरोबर कळे.

त्या मूळच्या हिंगणघाटच्या. वडील लहानू थूल कापडाच्या गिरणीत कामाला होते. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्यावर घरातल्या देवांबरोबर मुलीचं ठरत आलेलं लग्नही त्यांनी बाजूला ठेवलं. पोरगी मॅट्रिक झाली, मग नर्सिंगला गेली, आणि लग्न केलं ते नोकरी लागल्यावर, स्वतः पसंत करून. नवरा प्रेमदास हा वडनेरच्याच शाळेत मास्तर. मास्तरांचं आडनावही थूलच होतं, त्यामुळे लग्नानंतर दवाखान्याच्या रजिस्टरात बाईंच्या नावाला हात लावावा लागला नाही, याची त्यांना मोठी गंमत वाटे.

चौऱ्याहत्तर सालची संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. बोरखेडीत लहान पोरांना लस टोचून कमलाबाई सडकेनं परत निघाल्या होत्या. कापूस विक्रीला नेण्याचे दिवस, सडकेवर बैलबंड्यांची रांग. पुलाच्या वळणावर त्यांना माणसं जमलेली दिसली. कापसानं शिगोशीग भरलेली एक बंडी एका अंगाला कलली होती, एक चाक नालीत, आणि वरच्या ढिगाऱ्यावर बसलेला बोरखेडीचा नत्थू पाठीवर खाली आला होता, थेट पुलाच्या दगडांवर. दोघांनी त्याला काखेत धरलं होतं. उठवून बसवावा आणि पाणी पाजावं असा त्यांचा विचार होता.

‘हात काढा,’ कमलाबाई लांबूनच म्हणाल्या. ‘कोनी उचलू नका त्याले.’

आवाज चढलेला नव्हता, पण माणसांनी हात काढले. त्या नत्थूच्या डोक्याशी गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही तळहातांनी त्याचं डोकं जसं होतं तसं धरून ठेवलं. मान हलवू नका, नुसतं बोला, असं त्यांनी त्याला सांगितलं. तो शुद्धीत होता. कापसाची, बैलांची चौकशी करत होता. मग मध्येच थांबून त्यानं विचारलं, ‘माहे पाय कुठी हायेत, बाई?’

पाय त्याच्यासमोरच होते, सरळ, धोतर गुडघ्यापर्यंत सरकलेलं. कमलाबाईंनी डोकं एका शहाण्या दिसणाऱ्या गाडीवानाच्या हातात दिलं, कसं धरायचं ते दाखवलं, आणि खांद्यावरच्या पदराची पिन काढली. तळपायापासून हलकं टोचत त्या वर आल्या. घोटा, मांडी, पोट, काहीच नाही. छातीपर्यंत आल्यावर नत्थू म्हणाला, आता लागलं. त्यांनी त्याच्या दोन्ही हातांत आपली बोटं दिली आणि दाबायला सांगितलं. दोन्ही मुठी घट्ट वळल्या. श्वास घेताना पोट फुगत होतं, बरगड्या जेमतेम हलत होत्या. हात वाचलेत, छातीच्या खालचं जग तुटलंय, एवढं त्यांना तिथंच कळलं. जवळच्या शेतातल्या झोपडीचं कवाड काढून आणा, एवढंच म्हणाल्या.

कवाड आलं. माणसं एका बाजूला बसवून कोणी खांदा धरायचा, कोणी कंबर, कोणी पाय, ते त्यांनी नेमून दिलं. ‘मी म्हनीन तवाच, अन् सगळे संगंच. लाकडाचा ओंडका लोटता तसा. मंधातून वाकला नाई पाह्यजे.’ एकदा कोरडा सराव करून घेतला, मग एका हाकेसरशी नत्थू कुशीवर झाला, कवाड त्याच्या पाठीखाली सरकलं, आणि नत्थू कवाडावर आला. डोक्याच्या दोन्ही अंगांना कापूस ठासून भरला, मानेच्या खाचेत भरला, आणि कपाळावरून धोतराची पट्टी कवाडाला बांधून टाकली. तेवढ्यात त्याचे वडील अण्णाजी गावाकडून धापा टाकत पोचले. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग मुलाच्या डोक्याशी बसलेल्या बाईकडे बघितलं. ही दवाखान्यातली थूलबाई, हे ओळखलं असावं.

वडनेरला ओमप्रकाश डॉक्टर नवीनच आले होते, नागपूरचे, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी नत्थूला तपासलं, कमलाबाईंनी सांगितलेलं ऐकून घेतलं आणि त्याला कवाडावरून उतरवायचंच नाही असं ठरवलं. जीपमध्ये कवाडासकट घालून नागपूरला पाठवलं. ते कवाड काही परत आलं नाही. झोपडीचा मालक पुढं कितीतरी दिवस त्याची आठवण काढायचा, पण रागानं नाही.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नत्थू उन्हाळा लागेपर्यंत होता. मणक्यातली दोरी चिरडली होती, ती जुळणारी नव्हती. त्याला घरी पाठवलं तेव्हा लघवीसाठी रबरी नळी होती आणि ती अधूनमधून बदलायची, हे काम वडनेरच्या दवाखान्याकडे आलं, म्हणजे कमलाबाईंकडे.

त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा अण्णाजी छपरीत बसले होते. नळीचं काम असेल तर पोराला इथं बाहेर आणतो, आत जायचं काम नाही, असं ते म्हणाले. त्या बोलण्यातलं न बोललेलं ऐकायची कमलाबाईंना लहानपणापासूनची सवय होती. त्यांनी छपरीच्या कडेला चपला काढल्या. रोगी झोपतो ती जागा बघितल्याशिवाय आपल्याला काम करता येत नाही, असं साध्या सुरात सांगितलं आणि त्या आत गेल्या. अण्णाजींना उठून आडवं यायला वेळच मिळाला नाही.

आत वास होता. नत्थू बाजेवर उताणा पडला होता आणि बरं आहे म्हणाला. त्याची बायको देवकाबाई पदर ओढून भिंतीशी उभी होती. तिशीही न गाठलेली, कामानं काटक झालेली बाई. कमलाबाईंनी तिच्याच मदतीनं नत्थूला कुशीवर घेतलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, मधोमध काळी. तिच्या भोवती गोल वळ उठला होता. कमरेखाली पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर ठेवतात ती कापडी चुंबळ होती.

देवकाबाई रडायला लागली. आधी लाल डाग दिसला होता, भार पडू नये म्हणून आपणच चुंबळ ठेवली, असं तिनं सांगितलं. कमलाबाईंनी चुंबळ काढून बाजूला ठेवली. तुझी बुद्धी चांगलीच होती, पण चुंबळीनं भोवतालचं रक्त अडतं आणि मधली जागा उपाशी मरते, असं म्हणून त्यांनी देवकाबाईचा हात घेतला आणि तिच्याच कोपरावर अंगठा दाबला. कातडी पांढरी झाली, सोडल्यावर लाली परत आली. ‘हे पाह्य. लाल डागावर असं दाबायचं. पांढरं होऊन परत लाल झालं त अजून येळ हाय. दाबूनबी लालच राह्यलं, त त्या जाग्यावर भार पडू द्यायचा नाई, काही झालं तरी.’

देवकाबाईनं स्वतःच्या कोपरावर, गुडघ्यावर, मग नत्थूच्या टाचेवर दाबून बघितलं. टाच लालच राहिली. ती लाली नत्थूलाही माहीत नव्हती, देवकाबाईलाही नाही. कमलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. बाईला कळलंय, हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि या घरात आपलं काम होईल याची खात्री पटली.

तरी एवढ्यावर भागणार नव्हतं. अशा माणसाला वर्षानुवर्षं कसं सांभाळतात ते कमलाबाईंनी फार जवळून बघितलेलं नव्हतं, आणि न बघितलेलं येतं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी ओमप्रकाश डॉक्टरांना तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मलाही पुस्तकापुरतंच ठाऊक आहे, तुम्ही जाऊन शिकून या आणि आल्यावर मला शिकवा. त्यांनी चिठ्ठी दिली. कमलाबाई आठवडाभर नागपूरच्या त्या वॉर्डात राहिल्या, जुन्या सिस्टरांच्या मागं मागं फिरल्या. कुशीवर उशा कशा लावतात, पालथं कसं झोपवतात, नळी कशी उकळतात, सगळं हातानं करून बघितलं. सिस्टरांनी निघताना एक गोष्ट तीनतीनदा बजावली. छातीत किंवा त्याच्या वर मणका तुटलेल्याचं डोकं अचानक फुटायला लागलं, चेहऱ्यावर घाम आणि लाली आली, तर डोक्यात कारण शोधू नको. खाली शोध. खाली काहीतरी दुखतंय आणि अंगाला ते सांगता येत नाहीये.

परत आल्यावर बोरखेडीच्या त्या खोलीत मांडामांड झाली. बाजेवर फळ्या आल्या, फळ्यांवर घरचाच कापूस पिंजून जाड गादी. जखम मिठाच्या उकळलेल्या पाण्यानं धुवायची, काळं झालेलं थोडं थोडं डॉक्टर येऊन काढायचे. नत्थूच्या ताटात वरण, अंडी, शेंगदाण्याचा कूट. आणि कूस बदलायची. दिवसात किती वेळा, ते देवकाबाईला घड्याळावर सांगून उपयोग नव्हता, घरात घड्याळ नव्हतं. पण घर सडकेला लागून होतं आणि एसटीच्या गाड्यांचा आवाज ओळखत नाही असं गावात कोणी नव्हतं. हिंगणघाटची गाडी आली की डावी कूस, समुद्रपूरची आली की उजवी, नागपूरची लांब पल्ल्याची गेली की पालथा. रात्रीचं म्हाताऱ्या अण्णाजींवर आलं, कारण ते तसेही दोनदा उठत. ते उठले की सून हाक मारी आणि सासरा मुकाट्यानं येऊन मुलाचे पाय उचलून धरी.

जखम भरायला लागली. कडेनं गुलाबी कातडी आत सरकू लागली. कमलाबाई दर भेटीत बघत आणि देवकाबाईलाच विचारत, आज कशी दिसते सांग. पहिल्यांदा ती म्हणे, बरी आहे. कमलाबाई गप्प राहत. मग ती म्हणे, डावीकडून बोटभर भरली, पाणी येतं पण वास नाही. एवढं ऐकलं की कमलाबाई पुढचं बोलत.

श्रावणात पूर आला आणि सडक बंद झाली. गाड्या येईनात. कमलाबाई पाणी उतरल्यावर पोचल्या, तर नत्थूच्या उजव्या खुब्यावर नवा डाग उठलेला. गाडी नाही म्हणून कूस नाही, असं झालं होतं. देवकाबाईनं स्वतःच तो दाखवला आणि मान खाली घातली. कमलाबाईंना हसू आलं. चूक तुझी नाही, मीच तुला एसटीच्या भरवशावर सोडलं, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून देवकाबाई कूस बदलताना प्रत्येक वेळी आधी डाग बघू लागली आणि डाग काय सांगतो त्यावर पुढची वेळ ठरवू लागली. गाड्यांचं वेळापत्रक पुढं कितीदा बदललं, तिला फरक पडला नाही.

दिवाळीनंतर जखम बुजली. आता काळजी होती ती नत्थूचीच. तो विचारलं तेवढंच बोलायचा आणि सगळ्याला ‘बरं’ म्हणायचा. कमलाबाई नाडी धरून बसत तेव्हा तो छताकडे बघत राही. त्याच्या अंगाची राखण घरातल्या सगळ्यांनी उचलली होती, आणि तो मात्र त्या राखणीतून हळूहळू बाहेर सरकत होता. हे त्या बघत होत्या, पण हात कुठं घालावा ते सापडत नव्हतं.

पुढच्या वर्षी वेचणीच्या दिवसांत ते सापडलं, मोठ्या धक्क्यानं. देवकाबाई शेतात होती. घरी फक्त अण्णाजी. दुपारची वेळ, कमलाबाई शेजारच्या घरी गरोदर बाईला तपासायला आल्या होत्या, रक्तदाबाची पेटी सोबत होती. अण्णाजी तिथं धावत आले. नत्थूचं डोकं फुटून राह्यलं, तो किंचाळतोय, ऊन लागलं की कोणी काही केलं कळत नाही, असं म्हणत होते. ऊन लागायला नत्थू खोलीच्या बाहेर गेला नव्हता.

कमलाबाईंनी बघितलं. तोंड लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, डोळे गच्च मिटलेले. छातीच्या खाली मात्र कातडी कोरडी आणि फिकी, मांड्यांवर काटा. पट्टा बांधून पारा चढवला तर तो त्यांनी नत्थूच्या बाबतीत कधी बघितला नव्हता इतक्या वर जाऊन थांबला. मग नागपूरच्या सिस्टरांचे शब्द जसेच्या तसे आठवले.

‘अण्णाजी, माह्यासंगं धरा. याले बसवायचं हाय, पाय खाली सोडून.’

अण्णाजींनी मुलाला पाठीमागून कवटाळून बसवलं. कमलाबाईंनी कमरेचा करगोटा तोडला, धोतर सैल केलं आणि नळी वरपासून खालपर्यंत हातानं चाचपली. कुठं मुडपलेली नव्हती. खाली बाटली जवळजवळ कोरडी. ओटीपोटावर हात ठेवला, तर बेंबीपर्यंत टणक गोळा लागला. नळी आतून गाळानं बुजली होती. पिशवीत नत्थूसाठी उकळून ठेवलेली दुसरी नळी होती. हात धुऊन, जुनी काढून नवी घालेपर्यंत नत्थू दातांवर दात दाबून कण्हत होता. नळी जागेवर बसली आणि गढूळ लघवी वाहायला लागली. सगळं एकदम न काढता त्यांनी ती मधूनमधून चिमटीत धरून थांबवली. थोड्या वेळानं नत्थूनं डोळे उघडले. चेहऱ्यावरची लाली ओसरली. पारा उतरला. अण्णाजी मुलाला तसेच धरून बसले होते.

नळी का बुजली ते विचारायची गरज नव्हती, बाजेखालचा पाण्याचा गडू भरलेला होता, सकाळचा. तरी कमलाबाईंनी विचारलं. नत्थूनं सांगितलं. देवका वेचणीला जाते तर बाटली ओतायला बापाला यावं लागतं. म्हाताऱ्या बापानं पोराची लघवी ओतायची, हे त्याला बघवत नव्हतं. म्हणून त्यानं पाणीच कमी केलं होतं. महिनाभर.

मग कमलाबाई बाजेवर, त्याच्या शेजारीच बसल्या.

‘नत्थूभाऊ, तुमचं छातीखालचं आंग मुकं झालं. त्याले तहान लागली, दुखलं, जळलं, तरी ते हाक मारत नाई. मी महिन्यातून एक डाव येतो, देवका कामाले जाते. चोवीस तास त्याच्याजवळ एकच मानूस हाय, अन् तो पाहूनच नाई राह्यला. आज मी शेजारी नसती त काय झालं असतं, ते मी सांगत नाई. तुमी समजदार हा.’

नत्थूनं मान फिरवली. पण उत्तर अण्णाजींनी दिलं. ते बाटली उचलून बाहेर गेले, ओतून, धुऊन आणली, जागेवर लावली आणि नळीचा वाक कुठं नको ते कमलाबाईंना विचारलं. मग ते मुलाला म्हणाले, ‘तू लहानपनी माह्या आंगावर मुतला नाई का? आता काऊन लाजतं?’ आणि पहिल्यांदाच त्या खोलीत नत्थू हसला, थोडंसं, कारण हसलं की डोकं अजून दुखत होतं. त्या दिवशी अण्णाजींनी छपरीतली लाकडी खुर्ची आत आणली आणि कमलाबाईंना बसायला दिली. चहाही आला. गोड जास्त होता. त्यांनी तो सगळा प्यायला.

पुढच्या भेटीत कमलाबाई हिंगणघाटच्या बाजारातून एक आरसा घेऊन आल्या, न्हावी मागची हजामत दाखवायला धरतो तसला, दांड्याचा. नत्थूला कुशीवर घेतलं की देवकाबाईनं आरसा धरायचा आणि नत्थूनं स्वतःची पाठ बघायची. पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यानं आरसा जरा खाली धरायला सांगितलं. जखमेच्या जागी पांढुरका, आकसलेला वण होता. एवढी मोठी होती का, असं त्यानं विचारलं. देवकाबाईनं तळहात पसरून दाखवला. त्यानंतर आरसा त्याच्या उशाशी राहिला. पाणी किती प्यायलो, बाटलीत किती आलं, रंग कसा, हे तो आता कोणी न विचारता सांगायचा. थंडीत कोणी मायेनं शेगडी पायाशी आणून ठेवली, तर ‘दूर कर तिले, मले जळलेलंबी कळत नाई’ असं म्हणून परत पाठवायचा. एकदा तर कमलाबाईंनाच त्यानं थांबवलं; घाईत त्या हात न धुता नळीला हात लावत होत्या. कमलाबाईंनी निमूट हात धुतले आणि घरी येऊन मास्तरांना ही गोष्ट इतक्या आनंदानं सांगितली की मास्तरांना वाटलं, बाईंना बढती मिळाली.

बढती पुढं मिळालीच, दोन-तीन वर्षांनी. तालुक्यातल्या नर्सबाया त्यांच्या हाताखाली आल्या. ओमप्रकाश डॉक्टर बदलून गेले, दुसरे आले. नत्थूला तीन चाकांची हातगाडी मिळाली. धोतरानं गाडीच्या पाठीला बांधून घेऊन तो तिच्यात बसे आणि सडकेच्या कडेला अंबाडीचे दोर वळे. कासरे, दावी, वेसणी, पोळ्याच्या आधी बैलांच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या. हात वाचले होते आणि त्या हातांत आता दुप्पट जोर आला होता. वडनेरच्या बाजारातले व्यापारीसुद्धा त्याच्याकडून दोर न्यायचे. दोर वळता वळता मध्येच तो दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचले, थोडा वेळ तसाच राही, मग परत बसे. नवख्या गिऱ्हाईकाला ती खोड वाटे. अण्णाजी त्याला भाराचं आणि डागाचं समजावून सांगत, बरंच लांबण लावून.

त्र्याऐंशी साली समुद्रपूरकडच्या एका गावातून कमलाबाईंना निरोप आला. सुलोचनाबाई नावाची एक बाई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती, कमरेखालचं अंग गेलं होतं, दवाखान्यातून घरी आणली होती, आणि तिची सासू तिथल्या तरुण नर्सला पाठ उघडी करून बघू देत नव्हती. कमलाबाईंनी विचार केला आणि त्या बोरखेडीला जाऊन देवकाबाईला म्हणाल्या, चल माझ्यासोबत. देवकाबाई घर सोडून कधी राहिली नव्हती. तिनं नत्थूकडे बघितलं. नत्थू म्हणाला, माहं मी पाह्यतो, बाबा हायेत, तू जा.

एसटीत देवकाबाई गप्प होती. त्या घरात शिरल्यावर मात्र ती सासूबाईशी आधी वेचणीचं बोलली, मग जनावरांचं, मग नवरा किती वर्षं बाजेवर आहे ते सांगितलं, आणि त्याच ओघात उठून सुलोचनाबाईच्या अंथरुणाशी गेली. पदराचा आडोसा करून तिनं तिला कुशीवर घेतलं. सासू आडवी आली नाही. कमलाबाई बाजूला उभं राहून बघत होत्या. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांदे. देवकाबाई अंगठा दाबत होती, सोडत होती, कातडी परत लाल होते का बघत होती. तिनं काही सोडलं नव्हतं. कमलाबाईंनी स्वतः नळी तपासली, ताप बघितला, पोट चाचपलं आणि सगळं ठीक आहे असं म्हणून पिशवी आवरायला घेतली.

‘थांबा बाई,’ देवकाबाई म्हणाली.

ती सुलोचनाबाईच्या पावलांशी बसली होती. पाय सुजलेले होते, आणि दोन्ही पायांच्या बोटांत चांदीची जोडवी रुतली होती. तिनं एक जोडवं जरासं हलवून बाजूला केलं, तर खाली निळसर खाच पडलेली. कमलाबाईंनी टाचा बघितल्या होत्या, घोटे बघितले होते. जोडव्यांवरून त्यांची नजर सरळ घसरली होती, कारण सवाष्णीच्या पायात जोडवी असतातच.

सासूबाई म्हणाल्या, जोडवी काढायची नाहीत, नवरा धडधाकट आहे तिचा. देवकाबाईनं वाद घातला नाही. तिनं पाण्यात साबण कालवून बोटाला लावला, जोडवी हळूहळू फिरवत काढली, पुसून सुलोचनाबाईच्या तळहातावर ठेवली आणि सासूबाईंना सांगितलं, काळ्या दोऱ्यात ओवून हिच्या गळ्यात घाला, मंगळसूत्राजवळ. म्हणाली, ‘तिथं तिले कळतं. इथं कळत नाई.’

सासूबाई दोरा शोधायला उठल्या. सुलोचनाबाई जोडवी मुठीत धरून होती. तिथल्या तरुण नर्सनं पुढं येऊन त्या निळ्या खाचेवर अंगठा दाबला, सोडला, आणि काय दिसतंय ते देवकाबाईला सांगायला लागली. कमलाबाईंनी पिशवी खाली ठेवली, त्या दाराशी पाटावर बसल्या आणि परतीची शेवटची गाडी केव्हा आहे ते त्यांनी घरच्यांना विचारलं.